एका कॅमेऱ्याची दुरुस्ती

बिघडलेल्या वस्तूंना प्रत्येक घरात एक ठरलेली जागा असते. महाराष्ट्रातील जुन्या घरांत ती माळ्यावर असे. दिल्लीच्या सदनिकांत स्नानगृहाच्या दारावर सिमेंटची एक फळी काढलेली असते, तिला इकडे परछत्ती म्हणतात, आणि तेथवर हात पोचण्यासाठी स्टुलावर चढावे लागते. मुका झालेला रेडिओ, पाते न फिरणारा मिक्सर, एका बाजूने तापणारी इस्त्री अशी मंडळी तेथे वर्षानुवर्षे मुक्काम करून असतात. त्या वस्तू टाकून दिलेल्या नसतात आणि खऱ्या अर्थाने ठेवलेल्याही नसतात. त्यांच्याविषयीचा निर्णय तेवढा पुढे ढकललेला असतो.

मयूर विहारमधील एका सहकारी गृहसंस्थेत राहणाऱ्या प्राध्यापकांचा कॅमेरा मात्र परछत्तीवर नव्हता. तो त्यांच्या खोलीतील लोखंडी कपाटात, वरच्या खणात, त्याच्या मूळ कातडी पिशवीत होता. कारण तो बिघडलेला आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. २००४ साली, दिवाळीच्या आधी, त्यांनी तो घेतला होता. पन्नास लाख बिंदूंचा, तिप्पट जवळ आणणाऱ्या भिंगाचा, दोन साध्या पेन्सिल-सेलांवर चालणारा हा कॅमेरा त्या काळी नात्यागोत्यात कौतुकाचा विषय झाला होता. पुढे २०१२ च्या सुमारास खिशातील टेलिफोननेच छायाचित्रे निघू लागली आणि कॅमेरा कपाटात गेला. कोणी विचारले असते तर प्राध्यापकांनी सांगितले असते की तो बंद आहे, बिघडलेला नाही. हा भेद त्यांना महत्त्वाचा वाटत असे. सेवानिवृत्त माणसाला तो वाटणारच.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून नातीचा दूरध्वनी आला. ती तेथे महाविद्यालयात शिकते. ‘‘आबा, तुमचा तो जुना डिजिटल कॅमेरा आहे का अजून? मला द्याल?’’ तिच्या वयाच्या मुलामुलींत या जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची आवड अलीकडे पुन्हा उत्पन्न झालेली आहे. टेलिफोनची छायाचित्रे फार सफाईदार, फार सारखी; या जुन्या यंत्रांच्या चित्रांत रंग निराळे येतात, फ्लॅशचा प्रकाश थोडा उद्धट पडतो, आणि नेमके तेच तिला हवे होते. वीस वर्षांपूर्वी ज्या दोषांबद्दल प्राध्यापक कुरकुरत असत ते आता गुण झाले होते. त्यांना गंमत वाटली आणि आनंदही झाला. आपल्याजवळची एखादी वस्तू नातवंडांनी मागून घ्यावी, असे प्रसंग आजोबांच्या आयुष्यात फारसे येत नाहीत.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी कॅमेरा बाहेर काढला. बटण दाबले. काहीही झाले नाही.

प्राध्यापकांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकविले होते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना ते एक गोष्ट कधी कंटाळा न करता सांगत: मंडल चालत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तारही बदलली, सेलही बदलला, मापकही बदलला आणि दिवा लागला, तर दिवा का लागला हे कधीच कळत नाही. चुकून लागलेल्या दिव्यापेक्षा समजून-उमजून विझलेला दिवा बरा, असे ते म्हणत, आणि मागच्या बाकावरची मुले हसत.

त्यांनी सेलांचे झाकण उघडले. आत दोन सेल विसरलेले होते. अनेक वर्षांपूर्वी, रिचार्जचे सेल हाताशी नसताना बाजारातून आणून घातलेले साधे अल्कलाइन सेल. ते पाझरले होते. स्प्रिंगवर आणि पत्र्याच्या जिभेवर निळसर-पांढरा क्षार साचलेला होता, पावसाळ्यात तांब्याच्या भांड्याला चढतो तसा. या सेलांतून झिरपते ते आम्ल नसून अल्कली असते. म्हणून ते काढण्यास आम्ल लागते. प्राध्यापकांनी लिंबू कापले, कानकोरण्याच्या टोकावरील कापूस रसात बुडवून पिळला आणि नुसत्या ओलसर कापसाने एकेक जीभ घासली. बारीक बुडबुडे आले. मग कोरडा कापूस, मग स्पिरिट, मग तासभर पंख्याखाली. ताजे सेल घातले. बटण दाबल्यावर भिंग कण्हत बाहेर आले. अर्धी लढाई जिंकली असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

पण मागील पडद्यावर खोली दिसेना. जांभळट रंगाचा एक पडदा, त्यावर आडव्या रेघा, आणि रेघांमधून ओघळल्यासारखी खिडकीची चौकट. पावसात भिजलेल्या भित्तिपत्रकासारखे ते दृश्य होते. वर कोपऱ्यात सेलाची खूण, चित्रांची शिल्लक संख्या, अक्षरे मात्र स्वच्छ, ठसठशीत.

येथे सामान्य माणूस म्हणेल, पडदा गेला. परंतु पडदा गेला असता तर अक्षरेही वेडीवाकडी दिसली असती. म्हणजे दाखविणारा भाग शाबूत आहे. जे दाखवायचे तेच त्याच्याकडे फाटक्या अवस्थेत येत आहे. हा तर्क पक्का करण्यासाठी एक जुने, चांगले काढलेले चित्र त्याच पडद्यावर पाहणे आवश्यक होते. ते स्वच्छ दिसले तर पडदा निर्दोष, दोष दृष्टीचा.

कॅमेऱ्यात स्मृतिपत्रिका, म्हणजे चित्रे साठविणारे कार्ड, नव्हते. त्यावेळच्या काही कॅमेऱ्यांत यंत्राच्या पोटातच थोडी अंतर्गत स्मृती असे, या कॅमेऱ्यात ती पंधरा मेगाबाइटच्या आसपास होती; कार्ड घातलेले नसेल तेव्हा सात-आठ चित्रे तेथे मावत. कार्ड घातले की ती स्मृती जणू नाहीशी होई, यंत्र फक्त कार्डावरचीच चित्रे दाखवी. प्राध्यापक नेहमी कार्ड वापरीत. अंतर्गत स्मृती रिकामीच असणार याविषयी त्यांना शंका नव्हती. त्यांनी भिंतीवरील दिनदर्शिकेचे एक चित्र काढले, ते जांभळे आणि रेघाळलेले आले. मग, सवयीने, मागचे चित्र पाहण्याचे बटण दाबले.

पडद्यावर एक तुळस आली.

गॅलरीतील कुंडी, तिच्या कडेला उदबत्तीचे जळके टोक, मागे ओल्या कपड्यांची दोरी. रंग स्वच्छ होते, रेघ नव्हती. पडदा निर्दोष असल्याचे सिद्ध झाले होते, पण प्रयोगाचा निष्कर्ष नोंदवावा हे त्या क्षणी प्राध्यापकांना सुचले नाही. हे चित्र त्यांनी काढलेले नव्हते.

एकूण सात चित्रे निघाली. पहिल्यात अर्धी चौकट एका अंगठ्याने झाकली होती. मग तुळस. मग वाफ सोडणारा कुकर, हाललेला. मग रिकामी आरामखुर्ची आणि तिच्या हातावर घडी न मोडलेले वर्तमानपत्र. गॅलरीतून दिसणारा रस्ता. घरकाम करणाऱ्या बाईंची लहान मुलगी, जमिनीवर पालथी पडून चित्रांचे पुस्तक पाहणारी. हे चित्र सर्वांत चांगले होते, आणि ते चांगले होते ते केवळ योगायोगाने नव्हे. शेवटचे चित्र कपाटाच्या आरशातील होते. बारीक काठाची फिकी साडी, डाव्या मनगटावरील घड्याळ, दोन्ही हातांत छातीशी धरलेला कॅमेरा. आणि जेथे चेहरा असावयाचा तेथे फ्लॅशच्या परावर्तनाचा एक पांढरा गोळा.

प्राध्यापकांच्या पत्नी २०११ च्या जानेवारीत निवर्तल्या. कॅमेऱ्याला त्यांनी कधी हात लावल्याचे घरात कोणाला माहीत नव्हते. किंबहुना त्यांनी तो लावू नये अशी व्यवस्था झालेली होती. कॅमेरा आणला त्याच दिवाळीत त्यांनी तो उचलून, भिंग बाहेर येत असताना पुढे बोट धरले होते, आणि पाहुण्यांदेखत प्राध्यापक म्हणाले होते, ‘‘अगं, हात लावू नकोस. नाजूक वस्तू आहे, तुला नाही जमायचं.’’ त्यावर त्या ‘‘बरं’’ म्हणाल्या आणि फराळाच्या ताटल्या उचलून आत गेल्या. प्रसंग इतका क्षुद्र होता की तो कोणाच्या लक्षात राहण्याचे कारण नव्हते. प्राध्यापकांच्याही तो लक्षात नव्हता. आरशातील त्या चित्रापर्यंत येईपर्यंत नव्हता.

त्यांनी चित्रांच्या तारखा पाहिल्या. सर्व चित्रांवर १ जानेवारी २००४ ही एकच तारीख होती, आणि वेळ मध्यरात्रीनंतरची: पहिले बारा वाजून तीन मिनिटांनी, शेवटचे बारा वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी. तारीख उघडच खोटी होती. कॅमेरा त्यानंतर जवळजवळ दहा महिन्यांनी घरात आला. अशा यंत्रात घड्याळ चालू ठेवण्यासाठी एक लहानशी राखीव बॅटरी असते आणि ती मुख्य सेलांवर आपले पोट भरते. सेल काढून ठेवले की काही दिवसांत ती संपते, घड्याळ थांबते, आणि पुन्हा सेल घातले म्हणजे यंत्र आपल्या जन्मकाळापासून मोजू लागते. वापरणाऱ्याने तारीख विचारली असता नुसतेच ‘ठीक’ म्हटले, तर मध्यरात्रीचे बारा म्हणजे सेल घातल्याचा क्षण. खोट्या तारखेतून खरी गोष्ट निघाली ती अशी: सेल घातल्यापासून तीन मिनिटांत पहिले चित्र, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेचाळीस मिनिटे. एकाच बैठकीत हे सारे झाले होते.

वर्षही काढता आले. गॅलरीतून काढलेल्या चित्रात दूरवर मेट्रोचे खांब उभे होते, पण त्यांवर तुळया नव्हत्या. मयूर विहारवरून नोएडाकडे जाणारी मेट्रो १२ नोव्हेंबर २००९ रोजी सुरू झाली. तेव्हा चित्र त्याच्या बरेच आधीचे. चित्राच्या कडेला कूलरच्या जाळीतील नवे गवत पिवळेधमक दिसत होते, म्हणजे उन्हाळ्याचा आरंभ. २००८ च्या मे महिन्यात परीक्षेच्या कामासाठी प्राध्यापक पंधरा दिवस परगावी होते. जाताना त्यांनी कॅमेऱ्यातील सेल काढून ठेवले होते आणि कार्ड संगणकापाशी राहिले होते. परत आल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले आढळले, आणि इतक्या महागाच्या यंत्राला पंधरा दिवस वेळ लक्षात ठेवता येऊ नये याबद्दल त्यांनी जेवताना त्रागा केला होता. ताट वाढणारी व्यक्ती त्यावर काही बोलली नव्हती.

दोषनिदानाची हीच अडचण असते. माणूस एका बिघाडाचा माग काढीत जातो आणि भलत्याच ठिकाणी पोचतो.

तथापि कॅमेऱ्याचा दोष तसाच राहिला होता, आणि त्या दिवशी रात्री प्राध्यापकांनी तोच हाती घेतला. कदाचित तो हाती घेण्यासारखा होता म्हणून. सर्वप्रथम ती सात चित्रे सुरक्षित करणे अगत्याचे होते. क्षाराने खाल्लेल्या पत्र्यावर सेल कितपत टिकतील याचा भरवसा नव्हता. जुने कार्ड सापडले. ते घालून, यादीतून ‘अंतर्गत स्मृतीतून कार्डावर नक्कल’ हा आदेश दिला. यंत्राने नकार दिला. दुसऱ्यांदा दिला, पुन्हा नकार. हात थरथरत असताना माणूस अशा वेळी काहीही दाबून बसतो आणि त्याच यादीत, त्याच्याच खाली, सर्व चित्रे पुसून टाकण्याचा आदेश असतो. प्राध्यापकांनी कॅमेरा बंद केला, पाणी प्याले, चष्मा पुसला आणि कार्ड दिव्याखाली धरले. कार्डाच्या डाव्या कडेला नखाएवढीही नाही अशी एक सरकपट्टी असते. ती खाली असली की कार्डावर काही लिहिले जात नाही. ती खाली होती. वर सरकवली. पाऊण मिनिटात सात चित्रे कार्डावर, कार्डावरून संगणकावर, आणि संगणकावरून आणखी दोन ठिकाणी गेली.

मग दोषाचे मूळ. ज्या सूक्ष्म चकतीवर भिंगातून प्रतिमा पडते तिचे तत्त्व प्राध्यापकांना नवे नव्हते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी ती युक्ती मांडली आणि २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्या दोघांना मिळाला. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली असल्या चकतीवर चालणारा पहिला हाती कॅमेरा जुळविला. शंभर बिंदू लांब, शंभर बिंदू रुंद असे त्याचे चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. तत्त्व सोपे आहे. करंगळीच्या नखाहून लहान अशा चकतीवर लक्षावधी कोठड्या असतात. प्रत्येकीत पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युत्भार साचतो. मग, बांधकामावर मजुरांची रांग घमेली एका हातातून दुसऱ्या हातात देत जाते तसा तो भार एका कोठडीतून शेजारच्या कोठडीत सरकत सरकत कडेला येतो आणि तेथे मोजला जातो. मजुरांना ‘चला’ म्हणणारा ठेका चकतीला बाहेरून, केसाहूनही बारीक तारांवाटे मिळतो. त्यांतील एखादी तार सांध्यावर सुटली की ठेका चुकतो, घमेली उलटतात, एका रांगेचा माल दुसऱ्या रांगेत जातो. आणि चित्रात रेघा व जांभळा रंग उमटतो.

ही केवळ कल्पना नव्हती. २००५ च्या ऑक्टोबरच्या सुमारास अनेक जपानी उत्पादकांनी एकापाठोपाठ एक जाहीर केले होते की त्या दोन-तीन वर्षांत बनलेल्या त्यांच्या काही कॅमेऱ्यांत चकतीच्या अंतर्गत तारांचे सांधे सुटू शकतात, विशेषतः उष्ण व दमट हवेत ते ठेवले वा वापरले गेले असता. आणि असे कॅमेरे विनामूल्य दुरुस्त करून दिले जातील. प्राध्यापकांचे कपाट कूलरच्या खिडकीला लागून होते. दिल्लीच्या मे-जूनमध्ये कोरड्या हवेवर माणूस पाणी शिंपडून जगतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते काम आकाशच करते. उष्ण आणि दमट हे दोन शब्द लिहिणाऱ्याने जणू तेच कपाट पाहिले होते. ती सूचना मात्र प्राध्यापकांपर्यंत अठरा वर्षे उशिरा पोचली. सेवा-केंद्रातील तरुणाने अतिशय नम्रपणे सांगितले की ती योजना केव्हाच संपली, या नमुन्याचे सुटे भाग येत नाहीत, आणि सरांनी नवा घ्यावा हेच बरे.

हिशेबाने पाहता तो तरुण बरोबर होता. चित्रे हाती आली होती. दुरुस्तीच्या खर्चात नातीसाठी तसलाच चालू स्थितीतील जुना कॅमेरा मिळाला असता. राहता राहिले टाकून देणे. त्याची वाट दिल्लीत सर्वांना माहीत आहे. यमुनेपलीकडे सीलमपूर मयूर विहारपासून दूर नाही. देशभरातील संगणक, टेलिफोन आणि कॅमेरे तेथल्या गल्ल्यांत येऊन फुटतात. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, पत्र्यांवरील धातू सोडविण्यासाठी आम्ल वापरले जाते, आणि हे काम करणाऱ्यांच्या हातांत मोजे असतीलच असे नाही. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, त्याच्या आदल्या वर्षी केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समितीही नेमली. पण ज्या वस्तूचे भागच कोठे मिळत नाहीत तिच्या मालकाने तो हक्क कोणत्या खिडकीवर जाऊन बजावावा हा प्रश्न शिल्लक राहतोच. तो कॅमेऱ्यापुरता असता तर एक वेळ सोडून देता आला असता.

सप्टेंबरमध्ये एके दिवशी प्राध्यापक चांदणी चौकात उतरले. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या रस्त्यावर २०२१ पासून दिवसा मोटारींना मज्जाव असल्याने म्हाताऱ्या माणसाला तेथे पुन्हा चालता येते. त्या रस्त्याला लागून कूचा चौधरी नावाची गल्ली आहे. दिल्लीतील छायाचित्रणाच्या सामानाचा जुना बाजार तो हाच. पुढच्या दुकानांत नवे कॅमेरे. आत, जिन्यावरून वर गेले की दुरुस्ती करणारे. त्यांपैकी एका खोलीत, काचेच्या तुकड्याएवढ्या मेजापाशी, डोळ्यांवर भिंग चढविलेले एक उस्ताद बसले होते. वयाने प्राध्यापकांहून थोडे लहान. फिल्मच्या कॅमेऱ्यांचे शटर जुळविण्यात त्यांचा हात तयार झाला होता. पुढे फिल्म गेली आणि ते या नव्या यंत्रांकडे वळले. प्राध्यापकांनी आपले निदान सांगण्यास तोंड उघडले तोच उस्तादांनी बटण दाबून, दोन चित्रे पाहून, कॅमेरा खाली ठेवला.

‘‘बाबूजी, आँख गई है। दिमाग़ ठीक है।’’

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला जे ठरविण्यास एक दुपार आणि एक रात्र लागली ते अर्ध्या मिनिटात झाले होते. त्यांना थोडा रागही आला. अनुभवी माणसाच्या वेगाचा तर्कशास्त्र्याला नेहमीच येतो.

उस्तादांनी दोन मार्ग सांगितले. याच नमुन्याचा एक चालू कॅमेरा त्यांच्याजवळ होता. पंधराशे रुपये आणि हा बिघडलेला कॅमेरा द्यावा, तो घेऊन जावा. पाच मिनिटांचे काम. अथवा त्यांच्या खोक्यात असाच एक मेलेला कॅमेरा होता, पाण्यात पडलेला. त्याचे मंडल सडले होते, पण भिंग आणि चकती शाबूत होती. ते काढून यात बसवता येईल. त्याला अठराशे, दोन दिवस, आणि हमी नाही. चकती तेवढी बदलता येत नाही. तिचे भिंगाशी अंतर कारखान्यात जुळविलेले असते, म्हणून भिंगासकट सारा डोळाच काढून बसवावा लागतो. पहिला मार्ग स्वस्त, सोपा आणि शहाणपणाचा होता. उस्तादांनी तसे स्पष्ट सांगितले.

प्राध्यापक काही वेळ बोलले नाहीत. चित्रे तीन ठिकाणी सुरक्षित होती. त्यांच्या नकलेत आणि मूळ चित्रांत तसूभरही फरक नव्हता. अंकांची नक्कल आणि अंक एकच, हे त्यांनीच वर्गात शिकविले होते. कॅमेऱ्याच्या पोटातील ती स्मृती आता कोणाच्याही उपयोगाची नव्हती. शिवाय दुसरा मार्ग पत्करला तरी जो कॅमेरा हाती येईल त्याचे भिंग परके, चकती परकी. तो ‘तोच’ कॅमेरा कसा म्हणावयाचा? पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवराच्या वेळी मूर्ती नव्या घडवितात आणि जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ तेवढा नव्यात ठेवतात. भाविकाच्या मनात देव कोणता याविषयी शंका येत नाही. पण तेथे श्रद्धा आहे, येथे पेन्सिल-सेलांवर चालणारे एक जुने यंत्र. अशा युक्तिवादाने प्राध्यापकांचेच समाधान होण्यासारखे नव्हते. ते एवढेच जाणत होते की हे यंत्र देऊन त्याच्यासारखे दुसरे घ्यावे, असे त्यांच्याने होत नाही. आणि ते का होत नाही हे उस्तादांना सांगता येण्यासारखे नाही. पंधरा वर्षांपूर्वी कोणी एकेचाळीस मिनिटे हे हातात धरले होते, आणि मग सेल काढून, पिशवीची क्लिप लावून, जसेच्या तसे खणात ठेवले होते. इतके जसेच्या तसे की कोणाला कळले नाही. ‘तुला नाही जमायचं’ या वाक्याला तेवढेच उत्तर मिळाले होते, आणि ते या यंत्राच्या पोटात होते.

‘‘हाच दुरुस्त करा,’’ ते हिंदीत म्हणाले. ‘‘आतले मंडल बदलू नका.’’

उस्तादांनी त्यांच्याकडे भिंग वर करून पाहिले. काही विचारले नाही. त्यांच्या धंद्यात असे गिऱ्हाईक येत असावे.

दोन दिवसांनी प्राध्यापक गेले तेव्हा काम अजून उरकावयाचे होते. त्यांना बसून पाहता आले. पाठीचे आवरण उघडताच उस्तादांनी दोन तारा लावलेला एक लहान दिवा फ्लॅशच्या संधारित्राला टेकविला. त्या डबीएवढ्या वस्तूत तीनशे व्होल्टच्या आसपास विद्युत्दाब साठून राहू शकतो. सेल काढले तरी तो जात नाही. दिवा क्षणभर उजळून विझला. मग कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढून, ज्या ठिकाणचा स्क्रू त्या ठिकाणी ठेवीत, त्यांनी अकरा स्क्रू काढले; लांबीने ते सारखे नव्हते आणि एखादा लांब स्क्रू आखूड जागी बसला तर आतील पट्टी भेदून जातो. कागदासारख्या पातळ फिती चिमट्याने सोडविल्या, जुना डोळा उचलून बाजूस ठेवला, नवा बसविला. हात किंचितही कापत नव्हता. प्रयोगशाळेत असा एक मदतनीस मिळाला असता तर, असे प्राध्यापकांच्या मनात येऊन गेले.

यंत्र सुरू होताच त्याने तारीख विचारली. उस्तादांनी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला, आणि प्राध्यापकांनी दिवस, महिना, वर्ष, तास, मिनिटे असे सर्व सावकाश भरले. पडद्यावर खोली आली: खोकी, दिव्याची नळी, भिंतीवरील मक्केचे चित्र, उस्तादांचा चेहरा. रंग खरे होते. डाव्या बाजूस किंचित मऊपणा होता. पाण्यात पडलेल्या कॅमेऱ्याचे भिंग, तेवढे चालायचेच.

जुना डोळा मेजावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पडला होता. ‘‘ले जाएँगे?’’ उस्तादांनी विचारले. मोटर चांगली आहे, दातेरी चाके चांगली आहेत, कोणाच्या तरी कामी येतील, असे त्यांनी पुढे जोडले. प्राध्यापकांनी तो उचलून पाहिला, क्षणभर तळहातावर ठेवला आणि परत दिला. अठराशे रुपये मोजून ते जिना उतरले.

दसऱ्यापूर्वी पार्सल पुण्यास गेले. कॅमेऱ्याबरोबर त्यांनी चार रिचार्जचे सेल, चार्जर, कार्ड, सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद ठेवला. कागदावर सूचना होत्या. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत. त्यानंतर तारीख पुन्हा भरावी. भिंग बाहेर येत असताना पुढे बोट धरू नये, पण धरले गेले तरी फारसे बिघडत नाही. कार्डाची सरकपट्टी वर असावी. कपाटात दमटपणा नसावा. आरशासमोर चित्र काढताना फ्लॅश बंद ठेवावा. विजेच्या खुणेचे बटण दोनदा दाबले की तो बंद होतो.

तपासणीसाठी काढलेली रेघाळलेली चित्रे त्यांनी अंतर्गत स्मृतीतून एकेक करून पुसली होती. उरलेली सात तशीच ठेवली. कागदावर त्यांचा उल्लेख नव्हता.